जुना डी९० आणि चार जीबीचं कार्ड

यंदा ईदच्या नमाजनंतर ईदगाहच्या मैदानावरच माझ्या कॅमेऱ्याने मान टाकली. लोक गळाभेटी घेत होते, पोरं ईदी मोजत होती. मी बटण दाबलं तर नेहमीच्या आवाजाऐवजी अर्धाच ‘खट्’ आला, आणि वरच्या छोट्या पडद्यावर ‘ईआरआर’ ही तीन अक्षरं लुकलुकायला लागली. बॅटरी काढून पुन्हा घातली, लेन्स काढून परत बसवली, पण अक्षरं काही जाईनात. शेजारी उभा असलेला भाचा म्हणाला, “मामू, आता याला निवृत्त करा. माझ्या फोनवर काढतो, थांबा.” त्याने फोनवर चार फोटो काढले आणि आम्ही गाडी काढेपर्यंत ते घरच्या ग्रुपवर जाऊनही पडले. फोटो चांगलेच होते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

हा कॅमेरा म्हणजे निकॉनचा डी९०. ऑगस्ट २००८ मध्ये तो बाजारात जाहीर झाला. मी घेतला २०१३ मध्ये, सेकंडहँड, १८-१०५ लेन्ससह २८ हजारांना. दुकानदार म्हणाला होता, “फार तर वीस हजार क्लिक झालेत.” निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये शटर आजवर किती वेळा उघडलं याचा आकडा लपलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन आठवड्याने कुणीतरी सांगितलं म्हणून तपासलं, तर आकडा निघाला ६१ हजार. भांडायला गेलो नाही. पैसे देऊन झाले होते आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यावर जीव जडला होता.

अजूनही मला फोन येतात, “जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?” त्यांच्यासाठी या कॅमेऱ्याचे गुण-दोष एकदा लिहून टाकावेत असं बरेच दिवस मनात होतं. कॅमेरा बंद पडल्यावर बसलो लिहायला. पण बॅग रिकामी करताना एक जुनं कार्ड हाती लागलं आणि लिहिण्याचा विषय थोडा सरकला. आधी गुण-दोष सांगतो, मग कार्डाकडे येतो.

पहिला गुण म्हणजे हातात बसण्याचा. बॅटरीसह साधारण ७०० ग्रॅमची बॉडी, पुढे-मागे दोन चाकं, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा. आयएसओ, फोकस, व्हाइट बॅलन्स या सगळ्यांना वेगवेगळी बटणं. मेनूत शिरायची गरज क्वचितच पडते. अंधारातही अंगठा बरोबर बटणावर जातो. व्ह्यूफाइंडर खऱ्या काचेच्या प्रिझमचा, मोठा आणि स्वच्छ. बॅटरी एकदा भरली की आठशेच्या आसपास फोटो सहज निघतात. लग्नाचा निकाह, जेवणं आणि रुखसती एका बॅटरीत उरकल्याचं मला आठवतं.

दुसरा गुण त्याच्या पोटातल्या मोटरचा. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यांचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते. त्याच काळातल्या डी४०, डी६० या स्वस्त बॉडींत ती नव्हती, डी९० मध्ये होती. त्यामुळे ५० एमएम एफ १.८ ही जुनी, छोटी, स्वस्त लेन्स मला वापरता आली, आणि मिरजेतल्या अंधाऱ्या खोल्या माझ्यासाठी उघडल्या.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. सतारी आणि तानपुरे बनवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, बहुतेक मुसलमान. पंढरपूरकडून येणारे मोठाले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि एका खिडकीतून येणारा उजेड. सोबत मिळालेली झूम लेन्स शेवटच्या टोकाला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. ती लावून मी एका कारागिराला जवारी काढताना टिपलं. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. फोटो काढण्यापूर्वी अर्धा तास नुसता बसून होतो, कारण एवढा काळा ठोकळा कुणाच्या तोंडासमोर एकदम धरवत नाही. विचारावं लागतं. चाचा म्हणाले, “काढ, पण चहा पिऊन काढ.”

आता दोष सांगतो. ते बरेच आहेत.

सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा. आयएसओ १६०० पर्यंत ठीक. ३२०० ला सावल्यांमध्ये रंगीत दाणे दिसू लागतात, आणि त्याच्या वर जाऊच नये. फोकसचे बिंदू अकरा, पण त्यातला मधलाच भरवशाचा. कमी उजेडात बाजूचे बिंदू चाचपडत राहतात. मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायचा म्हटलं तर फोकस इतका सावकाश होतो की समोरचं पोर तोवर उठून जातं. एकच कार्ड बसतं, तेही ३२ जीबीपर्यंतचं. हल्ली मिळणारं ६४ जीबीचं कार्ड याच्या कामाचं नाही. वायफाय नाही. पाऊस-धुळीपासून बचाव नाही. हातात धरायच्या जागेचं रबर उन्हाळ्यात सुटतं, माझ्या कॅमेऱ्याचं दोनदा चिकटवून झालंय.

एक दोष खास आपल्या लोकांना कळेल असा. ईदगाहवर भर उन्हात हजारो माणसं, पांढरे कुर्ते, पांढऱ्या टोप्या. सावलीतला चेहरा फोकसमध्ये आला की डी९० त्याच्यासाठी फोटो उजळवतो आणि कुर्ते जळून जातात. कापडाची घडीसुद्धा दिसत नाही, नुसता पांढरा डाग उरतो. पहिल्या ईदचे माझे सगळे फोटो असे गेले. तेव्हापासून नमाजचे फोटो मी उणे ०.७ वर काढतो. चेहरे थोडे काळवंडतात, ते घरी उजळवता येतात. जळालेला पांढरा मात्र परत आणता येत नाही.

आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे आवाज. आरसा वर जातो, शटर उघडतं, मिटतं, आरसा खाली आदळतो. आवाज कमी करायची सोय या मॉडेलमध्ये नाही. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. एका रात्री मी तिथे पुढे बसून फोटो काढत होतो. गायिकेने आलाप सुरू केला, तानपुऱ्यांखेरीज कसलाही आवाज नव्हता, आणि माझा कॅमेरा खटॅक, खटॅक करत होता. शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी काही न बोलता आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. त्या रात्रीचे माझ्याकडे सातच फोटो आहेत. गाणं मात्र पूर्ण ऐकलं.

हा कॅमेरा लपत नाही, हेही दोषातच धरा. फोनवर फोटो काढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. गळ्यात डीएसएलआर असला की लोक विचारतात, “कुठल्या पेपरचे?” मिरजेत २००९ मध्ये गणेशोत्सवात दंगल झाली, त्यानंतर काही वर्षं गाव जरा जपूनच वागत होतं. अशाच एका वर्षी विसर्जन मिरवणुकीचे आणि स्वागत कमानींचे फोटो काढताना एका कार्यकर्त्याने मला हटकलं. कुठल्या पेपरचे? कुठल्याच नाही. मग कशाला काढता? आवड म्हणून. नाव काय? मी नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, तेवढ्या वेळात ढोल बराच वाजल्यासारखा वाटला. मग म्हणाला, “आमच्या मंडळाचा नीट काढा की मग. इथनं नाही, त्या कट्ट्यावर चढा.” त्यानेच हात देऊन वर घेतलं. आठवड्याने मी त्याला फोटोंची सीडी नेऊन दिली. प्रत्येक वेळी असंच घडतं असं मी म्हणणार नाही. एकदा एका ठिकाणाहून मुकाट्याने परतलोही आहे. पण नाव विचारलं जातं हे गृहीत धरूनच मी हा कॅमेरा घेऊन बाहेर पडतो, आणि त्यामुळे आधी आपणच जाऊन सलाम-नमस्कार करून विचारायची सवय लागली.

ही सवय आधीपासून असती तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

दादीला फोटोचं वावडं होतं. तिच्या लहानपणी घरात तसवीर ठेवणं चांगलं मानत नसत. फोटोबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. हाताने काढलेलं चित्र आणि कॅमेऱ्याने घेतलेला फोटो यांत फरक करणारे पुष्कळ आहेत, आणि पासपोर्टसारख्या गरजेला तर बहुतेक सगळेच मुभा देतात. दादीनेही हजच्या पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला होता, डोळे मोठे करून, श्वास रोखून. तिचा तेवढाच एक फोटो. तोही पुढे कुठल्याशा घरबदलीत गहाळ झाला. लग्नात कुणी कॅमेरा रोखला की ती पदर ओढून मान वळवायची.

२०१४ च्या थंडीत ती अंगणात उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. सुपातून तांदूळ उडायचे, उन्हात त्यांची धूळ चमकायची. मी आतल्या खोलीच्या दारात होतो. लेन्स १०५ वर नेली आणि एक फोटो काढला. एकच. खटॅक आवाज झाला आणि दादीने वर बघितलं. ओरडली नाही. म्हणाली, “कायकू निकाल्या रे? पूछना था ना.” मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिच्याजवळ गेलो, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला तो फोटो दाखवला आणि तिच्यासमोरच डिलीट केला. दादीने परत सुपात मान घातली. तो फोटो मी तीन-चार सेकंदच बघितला असेन. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला ऊन होतं आणि ओठ किंचित पुढे आलेले, फुंकर मारताना येतात तसे.

त्या वेळी कॅमेऱ्यात चार जीबीचं कार्ड होतं. रॉमध्ये एक फोटो दहा-अकरा एमबीचा, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास फोटोंत कार्ड भरतं. त्याच आठवड्यात मी १६ जीबीचं घेतलं आणि हे बॅगेच्या कप्प्यात टाकून दिलं.

पुढे काही दिवसांनी मी दादीला विचारलं, “फोटो नको, पण आवाज चालेल का? तू दुष्काळाचं सांगतेस ना, ते.” तिला हसू आलं. म्हणाली, आवाजात काय आहे, कुराणसुद्धा कॅसेटवर ऐकतोच की. माझा तेव्हाचा फोन अगदीच साधा होता. पण डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, आणि व्हिडिओबरोबर आवाज येतोच. मी लेन्सवर झाकण लावलं, कॅमेरा पलंगावर तिच्या शेजारी ठेवला आणि बटण दाबलं. दादी १९७२ चं सांगू लागली. तिचं माहेर जत तालुक्यातलं. बाया खडी फोडायला जायच्या, दुपारी सुकडी मिळायची. हजेरी घेणारा एक मुकादम होता आणि दादीच्या कडेवर तेव्हा आमचे चाचा होते. ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. अर्धा-पाऊण तास सहज झाला असेल.

या कॅमेऱ्याच्या व्हिडिओचे दोष तेव्हा मला वाचून माहीत होते. आवाज एकाच बाजूचा, चालू असताना फोकस आपोआप होत नाही, कॅमेरा हलवला की खांब वाकडे दिसतात. आणखी एक दोष मी विसरलो होतो. ७२० च्या प्रतीत पाच मिनिटं झाली की रेकॉर्डिंग आपलं आपण थांबतं. झाकण लावलेल्या कॅमेऱ्याचा पडदा आधीच काळा होता, थांबलेलं कळणार कसं? रात्री संगणकावर लावलं तेव्हा पाच मिनिटांचा काळा पडदा, त्यावर दादीचा आवाज, आणि शेवटचे शब्द: “तो वो मुकादम बोल्या...”

मुकादम काय बोलला ते मी त्या दिवशी ऐकलं होतं. पण आपल्याकडे रेकॉर्ड आहे या भरवशावर ऐकलं होतं, त्यामुळे लक्षात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर दादी म्हणाली, “बोली ना कल?” परत कधीतरी सांगेल म्हणून राहिलं. २०१९ मध्ये दादी गेली. चाचांनाही ती गोष्ट माहीत नाही, ते तेव्हा तिच्या कडेवर होते.

तर कॅमेरा बंद पडल्यावर बॅग रिकामी केली आणि हे चार जीबीचं कार्ड सापडलं. कॅमेऱ्यात फोटो डिलीट केला म्हणजे तो कार्डावरून लगेच पुसला जातो असं नाही. ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर साध्या सॉफ्टवेअरने फोटो परत मिळू शकतो. त्या फोटोनंतर या कार्डावर फारसं काही काढलेलं नाही. मी हे जेवताना सहज बोलून गेलो. अब्बांनी घास खाली ठेवला. म्हणाले, “निकलता क्या वो?”

आपा म्हणाली, नको. दादी म्हणाली होती विचारायला हवं होतं, आता कुणाला विचारणार? अब्बा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले की तिला फोटोचा राग असता तर तिने हजचा फोटोही काढू दिला नसता, तुला फक्त न विचारल्याबद्दल बोलली. अब्बा ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा चेहरा कुठेच नाही. चुलत भावंडांच्या फोनमध्ये लग्नातले एक-दोन फोटो आहेत, त्यांत वळवलेली मान आणि पदर.

मी त्या दुपारची आठवण परत परत उलटून बघतो. डिलीट कर असं दादी म्हणाली नव्हती. मी तिला तेही विचारलं नव्हतं. न विचारता काढला आणि न विचारताच पुसला. काढल्याची माफी म्हणून पुसला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता वाटतं, पडद्यावर स्वतःला बघताना ती एक क्षण थांबली होती. कदाचित काही बोलणार होती. मला माझी शरम लवकर मिटवायची घाई होती.

कॅमेरा दुरुस्त झाला. सांगलीतल्या एका कारागिराकडे याच मॉडेलची एक भंगारातली बॉडी होती, तिचं शटर त्यांनी यात बसवलं, साडेचार हजार घेतले. ते म्हणाले, “या शटरचा अंदाज एक लाखाचा असतो. तुमचं एक लाख अठरा हजार चाललं.” जुना डीएसएलआर घेऊ का, असं विचारणाऱ्यांना म्हणून सांगतो: पैसे कमी असतील, शिकायचं असेल, जुन्या लेन्स हाताशी असतील तर जरूर घ्या. पण शटरचा आकडा घेण्याआधी तपासा, पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, लेन्स उजेडात धरून आत बुरशी आहे का बघा. व्हिडिओसाठी घेऊ नका. आणि कुणाची गोष्ट ऐकायची असेल तर कॅमेऱ्याच्या भरवशावर ऐकू नका.

अब्बांना काळ्या पडद्याचा तो व्हिडिओ मी फोनवर घालून दिला आहे. असरच्या नमाजनंतर ते कधीतरी लावतात. “मुकादम बोल्या” आलं की थांबतं, ते फोन बाजूला ठेवतात. कार्डाबद्दल त्यांनी परत विचारलेलं नाही.

कार्डाच्या कडेला एक बारीक खिट्टी असते. ती खाली ओढली की त्या कार्डावर नवं काही लिहिलं जात नाही आणि असलेलं पुसलंही जात नाही. ती मी ओढून ठेवली आहे. सॉफ्टवेअरही उतरवून ठेवलंय. अब्बांनी पुन्हा विचारलं तर मी नाही म्हणणार नाही.